लिस्बन, एक दिवस आणि आईचे गुडघे

भटकी_मैना

एप्रिलअखेरीस कामासाठी लिस्बनला जायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "मी पण येते. पासपोर्ट नुसता कपाटात पडलाय." आई ६९ वर्षांची, गुडघे तिच्याहून म्हातारे. आणि शहर कसलं, तर सात टेकड्यांचं. ऑफिसातले सगळे म्हणाले की, आईला गाडीतून फिरव. पण तिला गाडीतून गाव बघितल्यासारखं वाटत नाही. मुळची रत्नागिरीची, बाजारात पायी जाऊन चार जणांशी बोलल्याशिवाय तिची भाजी शिजत नाही.

म्हणून आदल्या रात्री नकाशा घेऊन बसले आणि एकच नियम केला: चढ यंत्राने, उतार पायांनी. आणि दिवसात एकच टेकडी. संध्याकाळी जीव राहिला तर दुसरी.

सकाळी रोसियो चौकातून निघालो. अख्ख्या चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा काढल्यात. हाताने फोडलेले चुनखडीचे आणि बेसॉल्टचे सुपारीएवढे, फार तर लिंबाएवढे तुकडे, एकाला एक खेटून बसवलेले. जमीन सपाट आहे हे कळत असूनही पाय उचलून टाकावासा वाटतो. आई कडेलाच थांबली. म्हणाली, "एवढी रांगोळी घातलीय नि सगळे चपला घालून चाललेत!" पुढच्या गल्लीत दोन कारागीर बुटक्या स्टुलांवर बसून उखडलेला तुकडा दुरुस्त करत होते. हातोडीचे दोन टोले, दगड हातात फिरवून बघायचा, जागेवर ठेवायचा. पंधरा मिनिटं आम्ही तेच बघत उभ्या. त्यांनाही बरं वाटलं असावं, एकाने आईला दगड हातात घेऊन बघू दिला.

चौकाला लागूनच साँ दोमिंगुश चर्च आहे. बाहेरून काही विशेष नाही, पण आत गेल्यावर बोलणं थांबतं. १९५९ साली ते आतून जळालं. १९९४ ला पुन्हा उघडलं तेव्हा छत नवं केलं, पण खांब तसेच ठेवले: तडकलेले, कोळपलेले, जागोजागी टवके उडालेले. सोनेरी वेलबुट्टीवाली चर्चं युरोपात पैशाला पासरी आहेत. हे एकच माझ्या लक्षात राहील. आई बाकावर बसली ती वीस मिनिटं उठेना. गुडघ्यांमुळे की आणखी कशामुळे, विचारलं नाही.

तिथून नदीपर्यंत सगळा सपाट भाग आहे, बायशा. रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चं माणसांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली असताना भूकंप झाला. लोक मोकळ्या जागेत म्हणून नदीकाठी धावले, तर थोड्या वेळाने तिथे त्सुनामी आली. उरलंसुरलं आगीने खाल्लं, ती कित्येक दिवस जळत होती. नंतर मार्किश द पोंबाल या मंत्र्याने हा भाग नव्याने आखून घेतला. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटी आणि फुल्या, म्हणजे पिंजराच म्हणा, आणि त्यावर दगडमाती. पुढच्या धक्क्यात भिंत हलेल पण कोसळणार नाही, असा हिशेब. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून तो तपासला म्हणतात. गल्ल्यांची नावं धंद्यांवरून: सोन्याची, चांदीची, चांभारांची, कापडवाल्यांची. आई म्हणाली, "म्हणजे तांबट आळी, कासार आळी. आपल्यासारखंच."

गल्लीच्या शेवटी कमान, आणि कमानीपलीकडे एकदम आकाश. मोठा पिवळा चौक, तीन बाजूंनी इमारती, चौथ्या बाजूला थेट तेजू नदी. इथे भूकंपापूर्वी राजवाडा होता. चौकाचं आजचं नाव 'व्यापार चौक', पण जुने लोक अजून 'राजवाड्याचं आवार' म्हणतात. मुंबईकराच्या तोंडून व्हीटी जात नाही, तसंच. पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथे दोन खांब उभे आहेत. आईने पायऱ्यांवर बसून सोबतचे शेंगदाण्याचे लाडू काढले. मला लाज वाटली. नंतर मीच तीन खाल्ले.

आता चढ. आल्फामाची टेकडी समोर दिसते आणि गुडघे तिथेच बोलायला लागतात. पण कापडवाल्यांच्या गल्लीत एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. तिकीट नाही, काही नाही. वर गेलं की मागच्या, उंचावरच्या रस्त्यावर निघतो. समोरची छोटी जागा ओलांडली की दुसरी लिफ्ट, खाली सुपरमार्केट असलेल्या इमारतीत. ती गच्चीवर नेऊन सोडते. बाजारहाट करून पिशव्या घेऊन निघालेल्या आज्या आमच्याबरोबर होत्या. एकीने आईचे गुडघे बघून आपले दाखवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटं गुडघ्यांवर चर्चा झाली.

किल्ल्यात आम्ही गेलो नाही. रांग मोठी होती. शिवाय रायगड चढलेल्या बाईला तटबंदी दाखवून काय इंप्रेस करणार? त्याऐवजी सांता लुझियाच्या कठड्यावर बसलो. बोगनवेलीचा मांडव, खाली लाल कौलं, पुढे नदी. शेजारच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं चित्र आहे: भूकंपापूर्वीचा तोच नदीकाठचा चौक, राजवाड्यासकट. तासाभरापूर्वी जिथे लाडू खाल्ले तिथे राजवाडा उभा! आधी खाली बसून मग इथे यावं, उलटं केलंत तर मजा निम्मी जाते.

मग उतार. आल्फामा भूकंपातून बरीच वाचली, म्हणून गल्ल्या अजून अरबांच्या काळासारख्या वेड्यावाकड्या. नावही अरबीच, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. पायऱ्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खिडकीत पिंजऱ्यातला पक्षी, कुठूनतरी तळणाचा वास. चुकलो. चुकायलाच गेलो होतो.

जेवण एका सहा टेबलांच्या खानावळीत. खारवलेला बकल्याव मासा, काडीएवढे तळलेले बटाटे आणि अंडं, सगळं एकत्र कालवलेलं. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रातला नाहीच, शतकानुशतकं थंड उत्तरेकडून सुकवून-खारवून आणतात. आईचा निकाल: "खाऱ्या माशाला ओल्या खोबऱ्याची जोड हवी. पण बाई हाताने चांगली आहे." एक सावधगिरी: बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात येतं, नको असेल तर सरळ परत पाठवायचं, कोणी रागवत नाही. मला हे बिल आल्यावर कळलं.

खाली उतरताना काझा दुश बिकुश लागतं. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड, शेकड्यांनी. १५२३ च्या सुमाराचं घर, बांधलं कोणी, तर ब्राश द आल्बुकेर्कने. म्हणजे १५१० ला गोवा घेणाऱ्या अफोन्सोचा मुलगा. वरचे दोन मजले भूकंपात गेले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आता तिथे नोबेल मिळालेल्या जुझे सारामागूंच्या नावाची संस्था आहे आणि दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा. गल्लीचं नाव बकल्याव विकणाऱ्यांची. गोव्याचा पैसा, खारा मासा आणि नोबेल, सगळं एकाच दारात.

संध्याकाळी जीव राहिला होता. बायशाच्या मेट्रो स्टेशनात शिरलो, सरकत्या जिन्यांवरून वर वर जात थेट शियादूत निघालो. ही दुसरी टेकडी. तिथून कार्मुच्या मठाजवळ गेलो. भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी उभ्या आणि वर आभाळ. समोरच्या छोट्या चौकात दोन कॉफ्या घेऊन दिवे लागेपर्यंत बसलो. दिवसभरात ९,००० पावलं. रात्री बाम लावला, पण सकाळी आईच आधी तयार.

आणि दिवसभर आईचा दुसराच उद्योग चालला होता: पाट्या वाचणं. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर 'शाव्श', म्हणजे चाव्या. बेकरीत 'पाँव', भाजीवाल्याकडे 'बताता', 'कोव्ह' (आपला कोबी), 'अननाश'. तिला इंग्रजी बेताचंच येतं, म्हणून परदेशात ती गप्प असते. इथे एकदम बोलायला लागली. "ही आपल्या बोलीतली माणसं आहेत गो!"

फोटो टाकायचे जमत नाहीयेत. दोन-तीन दिवसांत टाकते.

रिकामटेकडा

पहिला! झकास लिहिलंय. पण लिस्बनला जाऊन बेलें नाही? जेरोनिमुशचा मठ नाही, मनोरा नाही, १८३७ पासूनची ती कस्टर्डची टार्टं नाहीत? पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय बुडवून परत आल्यासारखं झालं की हे.

भटकी_मैना

@रिकामटेकडा, दुसऱ्या दिवशी गेलो ना! तो सपाट भाग, नदीकाठाने पाय मोकळे करत. वेगळं लिहीन. टार्टं खाल्ली, गरम, वरून दालचिनी भुरभुरून. आईने चार. तिला मधुमेह आहे, हे इथे वाचणाऱ्या नातेवाइकांनी विसरावं.

शब्दवेडा

आईंना साष्टांग नमस्कार. पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांची यादी माझ्याकडून पुढे नेतो: साबण, पगार, पपई, काजू, तंबाखू, मिस्त्री, पाद्री, लिलाव, बिजागरी, इस्त्री, फीत, पिंप, काडतूस. आणि माझं लाडकं, घमेलं. तिकडे 'गामेला' म्हणजे लाकडी कठवत किंवा पाटी. मुंबईच्या बांधकामावर डोक्यावर वाळू नेणाऱ्या बाईच्या घमेल्याचं मूळ लिस्बनमध्ये आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी कोणाशी दुसरं काही बोललो नाही. बायको साक्षीला आहे.

बंबही तिकडचाच. 'बोंबा' म्हणजे पंप. तिथे अग्निशमन दलाच्या गाड्यांवर 'बोंबैरुश' लिहिलेलं असतं, आईंनी बघितलं का?

मात्र मेज शब्दावर उड्या मारू नका, तो फारसीतूनही आलेला असू शकतो. दिसला शब्द की पोर्तुगीज, अशी एक साथ आलीय हल्ली. आणि हापूस म्हणजे अफोन्सो, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते लिहीत नाही. (लिहिलंच.)

भटकी_मैना

बंब! आईला सांगितलं. म्हणाली, "मग न्हाणीतला तांब्याचा बंबसुद्धा तिकडचा? माझ्या आजेसासूला सांगायला हवं होतं, सोवळ्यात तापवायची."

मांडवीकाठचा

देव बरें करूं. आमच्या घरच्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला वेगळंच वाटतं. आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, हिशेब शेवटपर्यंत पोर्तुगीजमध्ये करायचे आणि शिव्या कोकणीत द्यायचे. खिडकीला आम्ही अजून जनेल म्हणतो, तिथे 'जनेला'.

दोन गोष्टी जोडतो. एक, बाई आभार मानताना 'ओब्रिगादा' म्हणते, पुरुष 'ओब्रिगादु'. समोरचा कोण आहे यावर नाही, बोलणाऱ्यावर. माझ्या मित्राने तिथे दहा दिवस सगळ्या बायकांना 'ओब्रिगादा' म्हणून आभार मानले. लोक हसले, पण गोड हसले. दोन, तिथल्या साध्या कॅफेत काचेआड 'शामुसा' दिसला तर चकित होऊ नका. तो समोसाच आहे, गोवा-मोझांबिकमार्गे तिकडे पोचलेला. आता त्यांना तो स्वतःचाच वाटतो, जसा आपल्याला पाव.

तिखटमीठ

लेख आवडला, पण पोटाचा प्रश्न. आम्ही शाकाहारी, चौघं, त्यात सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. उपाशी मरू का?

सावकाश

@तिखटमीठ, मी तीन वर्षं लिस्बनमध्ये राहतोय. मरणार नाही, पण विचारावं लागेल. 'काल्दु व्हेर्द' म्हणून हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं, फक्त त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. ती नको म्हणून आधी सांगा, नाहीतर काढून देतात आणि वर हसतात. भाज्यांचं साधं सूपही बहुतेक ठिकाणी असतं. कांदा-लसूण वगळणं मात्र कठीण, त्यांचं सगळं तिथूनच सुरू होतं. मार्तीं मोनीशच्या आसपास देशी दुकानं आहेत: तूरडाळ, हिंग, कढीपत्ता. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि सासूबाईंना खूश ठेवा.

मैनाताई, लिफ्टची माहिती दिलीत ते फार बरं केलंत. लोक २८ नंबरच्या ट्रामसाठी तासभर उभे राहतात आणि मग आत चेंगरतात. ट्राम सुंदर आहे, गल्लीत भिंतींना जेमतेम चाटत जाते. पण बसायचं असेल तर सकाळी लवकर, आणि मार्तीं मोनीशपेक्षा कांपु द ओरीकच्या टोकाकडून चढा. पाकीट पुढच्या खिशात. गर्दीच्या ट्राममध्ये माझा एक फोन गेलाय, दरवाजा बंद होईपर्यंत कळलंही नाही.

एक राहिलं तुमचं. आल्फामाच्या वर सांता एंग्रासिया म्हणून पांढऱ्या घुमटाची वास्तू आहे. काम सुरू झालं १६८२ मध्ये, घुमट चढवून पुरं झालं १९६६ मध्ये. त्यावरून पोर्तुगीजमध्ये म्हणच पडली, न संपणाऱ्या कामाला 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. आपल्याकडे मारुतीचं शेपूट असतं, त्यांच्याकडे हे. शेजारी मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. आईंना तिथे नेलं असतंत तर परत आणता आलं नसतं.

खवचट

सगळं गोड गोड. ज्या शहरातून निघालेल्या लोकांनी गोव्यात देवळं पाडली, धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसवलं, तिथल्या फरशांना रांगोळी म्हणायचं? आल्बुकेर्कच्या मुलाच्या त्या घरात लागलेला पैसा कुठला होता, हे मैनाबाईंनी एका ओळीत उरकलं. बाकी बोगनवेल आणि कस्टर्ड.

रिकामटेकडा

आला. मी विचार करतच होतो, वीस प्रतिसाद व्हायच्या आत हा मुद्दा कसा नाही आला.

भटकी_मैना

@खवचट, मुद्दा चुकीचा नाही. मी ओळीत उरकलं खरं. पण त्या घरासमोर आई जे म्हणाली ते लिहिलं नव्हतं: "बापाने तिकडे लुटलं, मुलाने इकडे मिरवलं." बरं वाटलं का?

मांडवीकाठचा

@खवचट, माझ्या घरातून दोन्ही बाजू गेल्यात, म्हणून जरा सविस्तर. गोव्यातलं धर्मन्यायालय १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर. त्याचा मोठा भाऊ याच रोसियोत होता. चौकाच्या वरच्या टोकाला खांबांची जी देखणी नाट्यशाळा दिसते ती १८४६ ची. त्या जागेवर आधी धर्मन्यायालयाचा वाडा होता, तो जळाला आणि तिथे नाटकाचं थिएटर बांधलं. आणि ज्या साँ दोमिंगुशमध्ये ताईंची आई वीस मिनिटं बसली, त्याच चर्चपासून १५०६ च्या ईस्टरला ज्यूंचं, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्यांचं, हत्याकांड सुरू झालं. दोन हजारांच्या आसपास माणसं मारली असं सांगतात. दाराबाहेर त्याचं छोटं स्मारक आहे, दगडावर ज्यूंचा तारा. लोक त्याच्या बाजूला उभे राहून चेरीची दारू पितात.

म्हणजे तिथे जाऊन विसरावं असं मी म्हणत नाही. उलट तिथे पायी फिरलं की या गोष्टी पायाखाली येतात. गाडीतून येत नाहीत.

आणि ताईंनी कॉफी घेतली तो कार्मुचा चौक. २५ एप्रिल १९७४ ला तिथल्या छावणीत पंतप्रधान मार्सेलु कायतानु लपून बसले होते. बाहेर २९ वर्षांचा कॅप्टन साल्गैरू मायया रणगाडे घेऊन उभा, आणि चौक माणसांनी गच्च. संध्याकाळी कायतानुंनी सत्ता सोडली. एका उपाहारगृहातल्या बाईने सैनिकांना कार्नेशनची लाल फुलं वाटली, ती बंदुकीच्या नळीत खोचली गेली. गोवा १९६१ लाच मुक्त झाला, पण हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ते कधी मानलं नाही. भारताचा गोव्यावरचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तो या क्रांतीनंतर, १९७४ संपता संपता. त्या चौकात काय झालं याचा संबंध पणजीशी आहे. आजोबांनी रेडिओवर ऐकलं आणि म्हणाले, "आतां तांकां कळ्ळें."

खवचट

धन्यवाद. हे माहीत नव्हतं. मैनाताई, आईंचं वाक्य धाग्यात वर घ्या.

वसईकरीण

मी उशिरा आले. ताई, लिस्बनच्या से कॅथेड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या घंटा ऐकल्यात का? आमच्या वसईच्या चर्चमधल्या घंटा १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर विजयाची खूण म्हणून देवळांमध्ये गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात जी प्रचंड घंटा आहे ती पोर्तुगीज, तिच्यावर १७२१ साल आहे. पूर आला की तिला पाणी लागलं का, हे नाशिककर बघतात. लहानपणी बाबांनी मला ती दाखवली होती आणि म्हणाले, "ही आपल्या गावची." मी चर्चमध्ये जाणारी पोर, देवळातल्या घंटेकडे बघून आपली म्हणत होते. लिस्बनला गेले तर तो आवाज ऐकायचाय, नाशिकशी जुळतो का बघायला.

भटकी_मैना

@वसईकरीण, ऐकल्या! ट्रामच्या खडखडाटात, पण ऐकल्या. नाशिकशी जुळवून बघायचं डोक्यात नव्हतं. आता परत जायला कारण मिळालं.

शब्दवेडा

घंटांवरून आठवलं. नदीच्या याच काठावरून एप्रिल १५७९ मध्ये एक इंग्रज पाद्री गोव्याच्या जहाजात चढला आणि ऑक्टोबरात पोचला. फादर स्टीफन्स. पुढे त्यांनी मराठीत ओव्या लिहिल्या, ख्रिस्तपुराण, १६१६ ला रायतूरला छापलं. सहा महिने समुद्रावर काढून माणूस उतरतो आणि आपल्या भाषेच्या प्रेमात पडतो. आम्ही आयुष्यभर इथेच राहून मुलांशी इंग्रजीत बोलतो.

रिकामटेकडा

@शब्दवेडा, शेवटचं वाक्य टाळता आलं असतं. :)

आता उलट दिशेचा प्रवासी ऐका, कारण बेलेंचा मनोरा बघताना लोक हे हटकून चुकवतात. मनोऱ्याच्या कोपऱ्यातल्या बुरुजाखाली दगडात एक गेंडा कोरलाय. झिजून झिजून आता डुक्कर की गेंडा असा प्रश्न पडतो, पण गेंडाच आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने अफोन्सो द आल्बुकेर्कला नजराणा पाठवला. गोव्यात गेंडा ठेवायचा कुठे? त्याने जहाजात घातला आणि राजा मानुएलला धाडला. मे १५१५ मध्ये तो बेलेंला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा बघितलेला नव्हता. नाव तिथेही 'गांडा'च राहिलं, आपलाच शब्द.

राजाला कुठेतरी वाचलेलं आठवलं की हत्ती आणि गेंडा हाडवैरी. मग मैनाताईंनी लाडू खाल्ले त्या राजवाड्याच्या परिसरात दोघांची झुंज लावली. हत्ती बिचारा लहान होता, गेंडा दिसताच पळून गेला. झुंज संपली. पुढे राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला. गळ्यात मखमली पट्टा वगैरे. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला गेंडाही. दरम्यान जर्मनीत आल्ब्रेश्ट ड्यूररने नुसतं वर्णन आणि एक रेखाटन बघून त्याचं चित्र काढलं, अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर जादा शिंग. युरोपात पुढची दोन-अडीचशे वर्षं लोकांना गेंडा म्हणजे तेच वाटायचं. ज्याने गेंडा बघितलाच नाही त्याचा गेंडा खरा ठरला.

तिखटमीठ

मी जेवणाचं विचारायला आले होते आणि आता गेंड्यासाठी रडतेय.

भटकी_मैना

@रिकामटेकडा, हे जायच्या आधी का नाही सांगितलंत? मनोऱ्यासमोर अर्धा तास होतो आम्ही. आई कबुतरांना बघत होती.

सावकाश

आणखी एक व्यावहारिक. त्या रांगोळीच्या दगडांवर पाऊस पडला की साबण लावल्यासारखं होतं, वर्षानुवर्षं झिजून काच झालेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणाऱ्यांनी तळव्याची पकड बघूनच बूट घ्यावेत. उतारावर दुकानांच्या भिंतीकडेने चाला. लिस्बनमधले म्हातारे कसे चालतात ते बघा, पायऱ्यांशेजारच्या कठड्याला हात लावून, कधीच घाई नाही.

आणि लिफ्ट अधूनमधून दुरुस्तीला बंद असतात. तसं झालं तर आईंना ७३७ नंबरची छोटी बस सांगा, किल्ल्यापर्यंत जाते.

नवखा_प्रवासी

माझे आईवडील ऑक्टोबरात येतायत, बाबांना पट्टीचं चालायला आवडतं, आईला नाही. हा धागा छापून देतोय दोघांना. फक्त एक विचारायचं होतं. मैनाताई, आईंच्या पायात काय होतं? माझी आई साडीवर बूट घालायला तयारच नाही.

भटकी_मैना

@नवखा_प्रवासी, आईला विचारून लिहितेय, तिचेच शब्द:

"साडीवर बूट कसे दिसतात हे बघायला तिकडे तुझ्या ओळखीचं कोण आहे? मी पांढरे स्पोर्ट्स शूज घातले, नऊवारी नव्हती म्हणून बरं. पाऊल ठेवताना आधी टाच, मग चवडा. आणि पिशवीत लाडू ठेव, तिकडचा पाव चांगला असतो पण दुपारी चार वाजता पोटाला लागतं."

बूट मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घेतले होते, हे माझ्याकडून. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात.